भिंतीत सापडलेल्या मोहरा

प्रश्न : वडिलोपार्जित वाड्याची भिंत पाडताना गवंड्याला एक तांब्या सापडला. त्यात फारसी अक्षरांच्या नऊ सोन्याच्या मोहरा, जुन्या फडक्यात बांधलेल्या होत्या. त्या जवळजवळ न झिजलेल्या असल्याने परदेशातील एक संग्राहक सोन्याच्या भावाच्या अनेक पट रक्कम देऊ करत आहे. त्या उजळून त्याला पाठवता येतील का?

उत्तर : संग्राहकाची ओढ समजण्याजोगी आहे. सुमारे ११ ग्रॅमच्या मुघल मोहरा पुढे वितळवल्या गेल्या किंवा कडी जोडून गळ्यात घातल्या गेल्या. त्यामुळे टांकसाळीचे नाव आणि हिजरी वर्ष स्वच्छ वाचता येणारी, मूळ झळाळीची मोहर दुर्मीळ ठरते. उजळल्याने हीच झळाळी जाते, तेव्हा तो विचार सोडून द्यावा.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरते. खासगी व्यक्तीने ते परदेशी पाठवणे हा किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावासाचा गुन्हा आहे.

मुळात या मोहरा आपल्याच आहेत, असे आज म्हणता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीतच नव्हे, तर जमिनीशी जोडलेल्या वस्तूत, म्हणजे भिंतीतही, दडवलेले धन येते. त्याची लेखी खबर शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक असून, ती दडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास आणि एक चतुर्थांश जागामालकास मिळतो. म्हणजे गवंड्याला गप्प बसवण्याचा सल्ला आपणास कोणी दिला असेल, तर तो दोघांनाही गोत्यात आणणारा आहे. सरकारने निधी संपादन केल्यास मोबदला धातूच्या किमतीवर एक पंचमांश वाढवून मिळतो. संग्राहक देतो ती किंमत तेथे धरली जात नाही.

आपली खरी बाजू मात्र वेगळीच असू शकते. कायदा नाणे कधी पाडले हे पाहत नाही, ते कधी दडवले हे पाहतो. तीनशे वर्षांची मोहर आपल्या आजोबांनी सत्तर वर्षांपूर्वी भिंतीत ठेवली असेल आणि तसे सिद्ध झाले, तर ती कुटुंबाची ठरते, अर्थात सर्व वारसांच्या हिश्शासह. म्हणून ते फडके, तांब्या आणि भिंतीच्या त्या भागाची छायाचित्रे जपून ठेवावीत, घराची जुनी कागदपत्रे शोधावीत आणि खबर देतानाच मालकीचा दावा लेखी नोंदवावा.