अरुंद ट्रॅव्हर्सवर क्षणभर थांबलं तर मागचे इतके का चिडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रात्री भरपूर बर्फ पडला, सकाळी ताज्या पावडरकडे (कोऱ्या, भुसभुशीत बर्फाकडे) नेणाऱ्या अरुंद ट्रॅव्हर्सवर, म्हणजे उतार आडवा कापत जाणाऱ्या वाटेवर, तुम्ही गॉगल पुसायला थांबलात, आणि मागून चार-पाच जण तुमच्यावर ओरडले. स्कीइंगमध्ये पुढच्याचा हक्क पहिला, मग चूक कोणाची?

ओरडणं त्यांचं चुकलं, थांबणं तुमचं. मनाला लावून घेऊ नका. हाच उद्योग मी तुमच्यापेक्षा वाईट जागी केलेला आहे, ते पुढं येईलच.

आधी हक्काचं बघू. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे, म्हणजे ‘फिस’चे, दहा नियम १९६७ पासून चालत आले आहेत. त्यातला तिसरा सांगतो की मागून येणाऱ्यानं आपली वाट अशी निवडावी की पुढच्याला धोका होणार नाही. तुमच्या डोक्यात हा पक्का बसलाय. पण त्याच यादीत सहावा नियमही आहे: अरुंद जागी किंवा जिथं मागच्याला तुम्ही दिसणार नाही अशा जागी, अगदी नाइलाज असल्याशिवाय थांबू नका, पडलात तर जमेल तितक्या लवकर बाजूला व्हा. ट्रॅव्हर्स तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत अरुंदच. म्हणजे मागच्यानं तुमच्यावर यायचं नाही आणि तुम्ही त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, अशी दोन्ही बंधनं एकाच वेळी लागू असतात.

पण नियम पाठ करून ट्रॅव्हर्स कळत नाही. ती वाट कशी तयार होते आणि कशी चालते हे लक्षात आलं की शिष्टाचार आपोआप सुचतो.

ती कुणी खोदलेली नसते. सुरक्षा पथकानं बंदीची दोरी उघडल्यावर पहिले काही जण उतारावर आडवे जातात, त्यांच्या स्कींखाली बर्फ दाबला जातो, आणि दोन स्की जेमतेम मावतील एवढी एक चाकोरी पडते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार. वाटेला उतार अगदी किंचित असतो, त्यामुळे प्रत्येकाकडे गती मोजकीच. ती गेली की परत मिळवायला जागाही नाही. त्यातच मध्ये मध्ये खोलगट भाग येतात: खाली उतरायचं आणि त्याच वेगावर पलीकडचा छोटा चढ चढायचा. माझा पराक्रम अशाच एका खोलगटातला. अगदी तळाशी मी बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा खटका) नीट बसलंय का ते बघायला थांबलो. मागचा थांबला, त्याच्या मागची थांबली, बघता बघता दहा-बारा जणांची रांग लागली आणि त्या सगळ्यांना तो चढ एकेक पाऊल आडवं टाकत चढावा लागला. कुणीही शिवी दिली नाही. त्यांच्या धापा मात्र मला ऐकू येत होत्या, आणि त्यापेक्षा शिवी परवडली असती.

म्हणून खोलगट भाग दिसला की अलीकडेच, वाट सपाट असताना अंतर वाढवून घ्या. पुढचा पलीकडे चढून गेलेला दिसला की मग सुटा. पुढच्याच्या शेपटाला चिकटून जाणारे लोक याचसाठी डोक्यात जातात. त्यांना वाटतं आपण वेळ वाचवतोय, आणि पुढचा जरा अडखळला की सगळ्यात आधी तेच आडवे होतात.

वेग कमी करायचा असेल तर काय करायचं, हा नवख्यांचा खरा प्रश्न. भीती वाटली की आपण स्की आडव्या करून खरवडत खाली घसरतो, म्हणजे साइडस्लिप करतो. मोकळ्या उतारावर ते ठीक. ट्रॅव्हर्सवर मात्र त्यानं चाकोरीचा काठच तासला जातो, वाट दरीकडे कलते, आणि पुढं येणारा प्रत्येक जण तिथून खाली निसटतो. त्याऐवजी डोंगराकडची स्की चाकोरीबाहेर काढून वरच्या मऊ बर्फात घाला. तो बर्फच ब्रेक लावतो. जागा थोडी रुंद असेल तर स्कींची टोकं डोंगराकडे वळवा, वेग आपोआप मरतो. आणि स्की काढून बुटांनी त्या वाटेवर चालू नका. बुटांचे खड्डे रात्रीतून गोठले की दुसऱ्या दिवशी वाटेची पार वाट लागलेली असते.

थांबायचंच असेल तर चाकोरीतून पूर्ण बाहेर पडा. मी दरीकडच्या बाजूला, निदान एक स्कीभर अंतर खाली जाऊन उभा राहतो. वरच्या बाजूला उभं राहिलं आणि पाय सटकला तर आपण थेट येणाऱ्याच्या पायात. अर्थात खाली कडा किंवा खडक असेल तर हे लागू नाही. तिथं रुंद जागा येईपर्यंत पुढं जात राहायचं. वळणापलीकडे किंवा उंचवट्यामागे उभं राहू नका. लांबून दिसाल अशी जागा बघा.

ओलांडून जाण्याबद्दल फिसचा चौथा नियम उदार आहे: वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून, कुठूनही जा, पण पुढच्याला मनाजोगती किंवा तोल जाऊन झालेली, कुठलीही हालचाल करायला पुरेशी जागा सोडा. आता एवढ्याशा वाटेवर तेवढी जागा असतेच कुठं? म्हणून रुंद ठिकाण येईपर्यंत मागं राहायचं. आणि ‘डावीकडून!’ असं ओरडू नये. दचकलेला माणूस नेमका डावीकडेच सरकतो. ‘वरून येतोय’ म्हटलं की लगेच कळतं, कारण ट्रॅव्हर्सवर प्रत्येकाला डोंगर कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक असतं. मीसुद्धा शक्यतो वरूनच जातो, कारण गोंधळलेला माणूस बहुधा खालीच घसरतो.

स्नोबोर्डवाल्यांना जास्त अंतर द्या. त्यांचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, हातात टेकायला काठ्या (पोल) नाहीत, आणि वाट कुठल्या दिशेला जाते यावर त्यांचं तोंड डोंगराकडे की पाठ डोंगराकडे हे ठरतं. गती गेली की त्यांना एक पाय सोडवून ढकलत जावं लागतं. अमेरिकेत युटामधल्या आल्टाचा हाय ट्रॅव्हर्स स्कीवाल्यांमध्ये फार प्रसिद्ध आहे. तिथं स्नोबोर्डला परवानगीच नसल्यानं हा प्रश्न येत नाही. बाकी बहुतेक ठिकाणी येतो.

आता सगळ्यात जास्त भांडणं लावणारी गोष्ट. काही जण मुख्य चाकोरी सोडून हळूहळू खाली उतरत आडवे जातात आणि मधल्या कोऱ्या उतारावर दुसरी चाकोरी पाडतात. वरून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत मग एक आडवी चर येते. वेगात त्यावर आदळलं की गुडघे कळवळतात. शिवाय सगळ्यांची पावडर एकाच रेघेत कापली जाते. यावर लोक भडकतात ते मला रास्त वाटतं. आपण निवडलेल्या जागेपर्यंत वरच्या वाटेनंच जायचं, तिथून सरळ खाली. सुटण्याआधी खाली बघायचं. खाली कुणी उतरत असेल, दम खात उभं असेल, तर ते मोकळं होईपर्यंत थांबायचं, आणि हे थांबणंही चाकोरीबाहेरच.

‘पावडरच्या दिवशी मित्र नसतात’ असं स्कीवाले गमतीनं म्हणतात. त्याचा ट्रॅव्हर्सपुरता अर्थ एवढाच, की मागं राहिलेल्या मित्रासाठी वाटेत उभं राहायचं नाही. लिफ्टमध्ये बसल्या बसल्याच खाली कुठं भेटायचं ते ठरवा.

वरचं सगळं स्की पेट्रोलनं, म्हणजे डोंगरावरच्या सुरक्षा पथकानं, तपासून उघडलेल्या भागाबद्दल आहे. हद्दीबाहेर गेलात की हिशेब उलटा होतो. थर सुटून येणारे हिमप्रपात बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि पावडरसाठी आपण जातो तेही नेमके तसलेच उतार. तिथं एकेकानं पार करायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे बघत राहायचं. तिथं मागच्यानं ‘चला चला’ केलं तर खुशाल दुर्लक्ष करा. आणि हद्दीच्या आत असलात तरी बंद दोरीखालून घुसायचं नाही, पलीकडे कितीही कोरा बर्फ दिसला तरी.

कुणी पडून जखमी झालं असेल तर मात्र रांगेची पर्वा करू नका. त्याच्या अलीकडे, लांबून दिसेल अशा जागी दोन स्की फुलीसारख्या रोवा आणि कुणाला तरी स्की पेट्रोलला कळवायला पाठवा.

राहिले तुमच्यावर ओरडलेले. ओरडल्यानं घाबरलेला माणूस जास्तच गोठतो, हे त्यांना कळायला हवं होतं. ‘पुढं रुंद जागा आहे, तिथं बाजूला व्हा’ एवढं एकानं म्हटलं असतं तरी रांग हलली असती. आणि गॉगल लिफ्टवर बसल्या बसल्या पुसून घ्या. मी कोरडं फडकं जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवतो, बाहेरच्या खिशात ते पहिल्या पडण्यातच भिजतं.