भूल दिल्यामुळे म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती जाते का?

तुमचे वडील ७४ वर्षांचे, पित्ताशयात खडे, आणि पूर्ण भूल दिली की म्हातारी माणसं भ्रमिष्ट होतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही ऑपरेशन पुढे ढकलताय. ढकलू नका. असं सांगणारा माणूस आमच्याही घरात आहे, म्हणून लिहितेय.

२०२२ मध्ये आई, वय ७६, कोथरूडच्या घरी बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे पाठीत इंजेक्शन न देता पूर्ण भूल द्यायचं ठरलं. फॉर्मवर सही माझी. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या रात्री दोन वाजता आई ताडकन उठून बसली, सलाईनची नळी ओढली आणि मला म्हणाली, "माई, पाणी आलं! ट्रंका वर घे." १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, शनिवार पेठेत राहायची. माई म्हणजे तिची थोरली बहीण, तिला जाऊन दहा वर्षं झाली. पहाटेपर्यंत आई चादरीचं टोक पिळत होती, त्यातून पाणी निघत असल्यासारखं.

सकाळी ठाण्याला दादाला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य, "सही तू केलीस ना?"

रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "यांचा चष्मा, कानाचं मशीन कुठंय?" माझ्या पर्समध्ये, रुमालात बांधलेलं. ऑपरेशन थिएटरात नेताना काढून घेतलं, ते दोन दिवस मी परत लावलंच नव्हतं. धड दिसत नाही, ऐकू येत नाही, दुखतंय, झोप नाही. मेंदू गोंधळणारच. याला डिलिरियम म्हणतात. पाचव्या दिवशी आईनं पेपर मागितला.

दादाचं म्हणणं अजून तेच, भुलीनं आईचं डोकं गेलं. अरे, दूध गॅसवर ठेवून विसरणं २०२० पासून चालू होतं. जेवताना एकच गोष्ट तीनदा विचारायची. गणपतीत दीड दिवस येऊन ते दिसत नाही. २०२१ मध्ये खुब्याच्या १६०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठीतली भूल असो वा पूर्ण, डिलिरियम दोन्हीकडे साधारण पाचात एकाला. मग दोष एकट्या भुलीचा कसा? ऑपरेशननं अंगात येणारी सूज, संसर्ग, झोपेची औषधं, आधीच थकलेला मेंदू, हे सगळं त्यात येतं.

काहींना त्रास लांबतो, हे खरं. १९९८ च्या एका मोठ्या पाहणीत साठीपुढच्या रुग्णांपैकी आठवड्यानंतर चारात एकाची आणि तीन महिन्यांनी दहात एकाची स्मरणशक्ती किंवा लक्ष मंदावलेलं आढळलं. मी डॉक्टर नाही. वडिलांना आधीपासून विसराळूपणा असेल, झोपेची गोळी किंवा दारू असेल, तर भूलतज्ज्ञांना लपवू नका. पण पित्ताशय पिकल्यावर घाईत ऑपरेशन करावं लागलं, तर भूल तेव्हाही लागणारच, आणि तीही तापलेल्या अंगात.

रात्री घरचं माणूस जवळ ठेवा. चष्मा, मशीन शुद्धीवर आल्याआल्या लावा. आणि फॉर्मवर सही करताना सगळ्या भावंडांना समोर बसवा, फोनवर नको.