खाडीतील विंडसर्फिंग : पाणी, वारा आणि तिथी

प्रश्न : मी गोव्यात विंडसर्फिंगचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे. समुद्रावर लाटांमुळे बोर्ड आदळतो आणि वेग घेता येत नाही. मालवणजवळ देवबाग येथे कर्ली नदीच्या खाडीत सराव करणे योग्य ठरेल का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपली निवड योग्य आहे. लाटांची उंची केवळ वाऱ्याच्या जोरावर ठरत नाही. वारा पाण्यावरून किती अंतर वाहत आला, यावरही ती अवलंबून असते. पश्चिमेचा वारा सुटलेला असताना आपल्या रंकाळा तलावावर पाहावे : पश्चिम काठावरच्या शालिनी पॅलेसच्या बाजूचे पाणी बरेचसे सपाट असते आणि लाटा पलीकडच्या चौपाटीच्या बाजूला येऊन आपटतात. नामिबियातील लुडेरिट्झ येथे वेगाच्या विक्रमांसाठी मुद्दाम अरुंद कालवा खोदला गेला, तो याच कारणाने. 2015 मध्ये आंत्वान आल्बो या फ्रेंच खेळाडूने तेथे 500 मीटर अंतरात सरासरी 53.27 नॉट, म्हणजे ताशी 98 किलोमीटरहून अधिक वेग नोंदवला. खळबळत्या पाण्यावर बोर्ड उसळला की फिनभोवती (बोर्डाखालच्या उभ्या पात्याभोवती) हवा शिरते, तिची पकड सुटते आणि बोर्डाची मागची बाजू घसरते.

देवबाग ही समुद्र आणि कर्ली यांच्यामधील चिंचोळी पट्टी आहे. उन्हाळ्यात दुपारी पश्चिम-वायव्येकडून येणारे खारे वारे ती ओलांडून खाडीवर उतरतात, त्यामुळे त्या काठालगत लाट उठत नाही. मात्र त्याच काठावरचे माड वाऱ्याला अडवतात, आणि नवशिके नेमके येथेच फसतात. झाडांच्या उंचीच्या किमान दहापट अंतर सोडावे. माड 15 मीटर उंच असतील, तर काठापासून 150 मीटर आत गेल्याशिवाय शिडात सलग वारा भरणार नाही.

प्रवाहाचा विचार याहून महत्त्वाचा आहे. ओहोटीचे पाणी नदी-समुद्राच्या संगमाकडे धावते आणि वारा त्याच्या उलट, समुद्राकडून येतो. अशा वेळी मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. तेथे पडलेल्या माणसाला प्रवाह बाहेर ओढतो, म्हणून संगमाकडे जाऊच नये. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात हा प्रवाह सर्वांत जोरकस असतो. त्याउलट षष्ठी ते अष्टमी या भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याच्या, दिवसांत तो सौम्य असतो आणि या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारणपणे दुपार उलटल्यावर, म्हणजे खारे वारे भरात असतानाच येते. हा योग मला फार मोलाचा वाटतो. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. तरी मालवणचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच दिवस ठरवावा.

पूर्ण भरतीआधीचे दोन तास सरावाला उत्तम, कारण तेव्हा वाळूचे दांडे पाण्याखाली खोल असतात. वेगात असताना फिन वाळूत रुतली, तर माणूस शिडासकट पुढे फेकला जातो. हे दांडे पावसाळ्यानंतर जागा बदलतात, म्हणून स्थानिक मच्छीमारांना विचारल्याशिवाय उतरू नये. लाइफ जॅकेट घालावे, पर्यटकांच्या बोटींचा मार्ग टाळावा आणि काठावर सोबतीला कोणी तरी असावेच. सकाळी लवकर निघून फोंडा घाटाने उतरल्यास दुपारच्या वाऱ्यापूर्वी आपण देवबागला पोहोचाल.