वही मिळणार नाही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरलेत, तुझ्या वर्गातली अर्धी मुलं तोंड उघडत नाहीत, उरलेली पाठ केलेले परिच्छेद धडाधड म्हणून टाकतात, आणि तुला माझी ती नमुना उत्तरांची निळी वही हवी आहे. वही अजून आहे. देणार नाही.

‘त्या वहीमुळे मला फ्रेंच आलं’ असं तू लिहितेस. साफ खोटं. तू वर्गात नको इतके प्रश्न विचारायचीस, म्हणून तुला आलं. तेव्हा मीच तुला गप्प बसवायचे, ते वेगळं.

तुझ्यानंतरच्या एका वर्षी मी ती वही अख्ख्या वर्गाकडून घोटून घेतली. पहिला मुलगा आत गेला आणि म्हणाला, माझ्याकडे एक कुत्रा आहे. परीक्षक बाईंनी सहज विचारलं, नाव काय त्याचं? पोरगा गप्प. कुत्रा माझ्या वहीतला, आणि त्याचं नाव ठेवायचं मीच विसरले होते. दुपारपर्यंत एकामागून एक मुलं तोच कुत्रा घेऊन आत गेली. शेवटी बाईंनी हसत विचारलं, तुमच्या वर्गाने मिळून एकच कुत्रा पाळलाय का? पास सगळी झाली, हेही सांगते; माझा निकाल कधी पडला नाही. पण पुढच्या वर्षी त्या मुलाने फ्रेंच सोडलं. त्याने कारण सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

म्हणून सांगते, मुलांना अडकू दे. अडकल्यावर सुटायचं कसं, तेवढं शिकव.

तू त्यांना डेल्फ ए-१ला, म्हणजे फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या पहिल्या पातळीला, बसवते आहेस. तिथली तोंडी परीक्षा सगळी मिळून पाच ते सात मिनिटांची. पहिल्या भागात स्वतःबद्दल सांगायचं, तिथे पाठांतर थोडंफार तगतं. पण दुसऱ्या भागात मुलाच्या हातात शब्दांच्या चिठ्ठ्या येतात आणि प्रश्न त्याने विचारायचे असतात, परीक्षकाने नाही! तिसऱ्यात खोटी नाणी-नोटा घेऊन खरेदी वगैरे करायची. या दोन भागांच्या तयारीला दहा मिनिटं मिळतात. तुझ्या पत्रात दोन पानं उत्तरांवर आहेत, प्रश्नांवर एक ओळ नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘शाळा’ असेल, तर तुझी मुलं काय विचारतील?

तोंडीला २५ गुण. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चारांचे मिळून १००, पास व्हायला ५०, पण चारांपैकी एकातही ५च्या खाली गेलं तर बाकीचं वाया. ५ पडणं अवघड नसतं, मूल पार मुकं झालं नाही तर. आणि मुकं कोण होतं? ज्याचं पाठ केलेलं मधेच तुटतं ते.

या पातळ्या जिथे ठरवल्या आहेत त्या युरोपीय भाषांच्या सामाईक चौकटीत, २००१ सालापासून, ए-१ची व्याख्याच अशी आहे की समोरचा माणूस सावकाश, स्पष्ट बोलेल आणि मदत करायला तयार असेल. म्हणजे मदत मागणं हा त्या पातळीचाच भाग आहे. तरी आपण मुलांना असं तयार करतो की ‘कळलं नाही’ म्हणणं म्हणजे गुन्हा. तीन वाक्यं अशी मुरव की ती झोपेतही म्हणतील: ‘वू पूव्हे रेपेते, सिल वू प्ले?’ (पुन्हा सांगाल का?), ‘प्ल्यु लाँत्माँ’ (जरा सावकाश), ‘कोमाँ ओँ दी…?’ (…ला काय म्हणतात?). पाठच करून घ्यायचं असेल तर हे. माझ्या वहीत यातलं एकही नव्हतं.

आणि तू शब्द पुरवणं बंद कर. मूल दोन सेकंद थांबलं की तू पुढचा शब्द देतेस. इथे बसून मला दिसतं, कारण मीही तेच करायचे. शांतता आपल्याला सहन होत नाही, मुलाला होते. अडकू दे त्याला.

बारीकसारीक: नावाचं स्पेलिंग सांगायला लाव, ‘जी’ आणि ‘जे’ची हमखास अदलाबदल होते, कारण फ्रेंचमध्ये ‘जी’ला ‘झे’ म्हणतात आणि ‘जे’ला ‘झी’. परीक्षकाला ‘त्यू’ नाही, ‘वू’. अनोळखी बाईंना आपण ‘तू’ म्हणतो का, एवढं विचारलं की पुरे. ‘वर’साठीचा शब्द ‘दस्यु’ आणि ‘खाली’साठीचा ‘दसू’ वेगळे ऐकू येत नसतील, तर ‘दस्यु’साठी ‘ई’ म्हणता म्हणता ओठ शीळ घातल्यासारखे गोल करायला सांग. उच्चारांवर यापेक्षा जास्त वेळ घालवू नकोस.

मुख्याध्यापिका विचारतील, तयारी कुठे दिसत नाही. विचारू देत. वर्गातला गोंधळ ही तयारी आहे हे मला कुणाला पटवता आलं नाही, म्हणूनच मी वही लिहिली होती. तुझ्या वाट्याला माझ्यापेक्षा जास्त धीर आला असेल अशी आशा करते.

उद्या चिठ्ठ्या घेऊन जा. मुलांना विचारू दे, तू उत्तरं दे, आणि मधेच मुद्दाम पुटपुट, म्हणजे त्यांना ‘पुन्हा सांगा’ म्हणावंच लागेल. मग तू विचार. आणि कुणी म्हणालं माझ्याकडे कुत्रा आहे, तर आधी नाव विचार.

तुझ्या बाई