२४ मिमीची टिल्ट-शिफ्ट: शिफ्टसाठी घ्या, टिल्टसाठी नको

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: आजवर लग्नं-समारंभ केले, आता दोन आर्किटेक्टांकडून इमारतींची कामं येताहेत. सेकंडहँड २४ मिमी टिल्ट-शिफ्ट (कॅमेऱ्यावर बसवल्यावर वर-खाली, आजूबाजूला सरकवता म्हणजे शिफ्ट करता येणारी आणि कलवता म्हणजे टिल्ट करता येणारी लेन्स) मिळतेय. ती घ्यावी, की साधी वाइड लेन्स वापरून घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ कराव्यात? शिवाय एक दिवस भाड्याने आणून बघितली तर टिल्ट दिल्यावर जमीनही धूसर आणि इमारतही धूसर.

आधी शिफ्ट, कारण तुमची रोजीरोटी त्यावर असणार आहे.

इमारत मागे पडल्यासारखी दिसते ती आपण कॅमेरा वर उचलतो म्हणून. सेन्सर ओळंब्यात राहिला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात, मग लेन्स कुठलीही असो. अडचण एवढीच, की कॅमेरा सरळ धरला की क्षितिज फ्रेमच्या मधोमध येतं, खाली अर्धा फोटो रस्ता आणि वर गच्ची कापलेली. शिफ्ट लेन्स जादू काही करत नाही. सेन्सरला लागतं त्यापेक्षा मोठं प्रतिमावर्तुळ ती मागे टाकते (कॅननच्या २००९च्या २४ मिमीचं ६७ मिमी व्यासाचं आहे, फुल फ्रेम, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या सेन्सरचा कर्ण ४३ मिमी) आणि त्या वर्तुळातला कुठला तुकडा घ्यायचा ते तुम्ही स्क्रू फिरवून ठरवता. बास.

आता आकडे. कॅमेरा उभा (फ्रेमची लांब बाजू उभी), लेन्स २४ मिमी, ती जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. शिफ्ट नसताना फ्रेमची वरची कड मध्यापासून १८ मिमी, १२ मिमी शिफ्ट दिल्यावर ३० मिमी. ओव्हल मैदानाच्या बाजूने राजाबाई टॉवर घ्या, उंची ८५ मीटर. कॅमेरा सरळ ठेवून टोक फ्रेममध्ये आणायचं तर पायथ्यापासून १११ मीटर मागे जावं लागतं. पूर्ण शिफ्ट दिली तर ६७ मीटर पुरतात. मोकळ्या मैदानात हा फरक कुणाला जाणवणार नाही. पण २० मीटर उंचीची, सहा मजली इमारत घ्या: २५ मीटर विरुद्ध १५ मीटर. सदाशिव पेठेत किंवा गिरगावात २५ मीटर मागे जायचं म्हणजे समोरच्याच्या स्वयंपाकघरात ट्रायपॉड लावायचा.

आता तुमचा नेमका प्रश्न: सॉफ्टवेअर का नको? कॅमेरा चार-पाच अंश वर असेल तर खुशाल सॉफ्टवेअर वापरा, मीही वापरतो, कुणाला कळत नाही. वीस अंश वर असेल तर वरचे मजले ताणले जातात, म्हणजे तिथला तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. खालचे दोन कोपरे रिकामे पडतात, ते घालवायला कडा कापाव्या लागतात आणि नेमकं प्रवेशद्वार कडेला आलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे उंची-रुंदीचं प्रमाण. रेषा सरळ झाल्या तरी इमारत मूळच्यापेक्षा बुटकी किंवा लांबुडकी होऊ शकते, आणि आर्किटेक्टला आपल्या खिडकीचं प्रमाण झोपेतही माहीत असतं. माझ्या अनुभवात पहिली तक्रार तीच येते.

मात्र एक तिसरा रस्ता आहे, आणि लेन्स विकणारा तो सांगणार नाही. चांगली १४ मिमी लेन्स लावा, कॅमेरा उभा आणि पाणसळीत, मग नको तो भाग कापा. १४ मिमीला शिफ्टशिवायच वरची कड जवळपास तिथेच पोचते जिथे २४ मिमी पूर्ण शिफ्टवर पोचते. उभं राहायची जागा तीच असेल तर परिप्रेक्ष्यही तंतोतंत तेच. गमावता काय? ४५ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर कापून साधारण १५ उरतात, शिवाय तो तुकडा १४ मिमीच्या अगदी वरच्या कडेचा, जिथे लेन्स तशीही मऊ असते. वेबसाइट, माहितीपत्रक, वर्तमानपत्राची जाहिरात एवढंच काम असेल तर १५ पुरतात. सहा फुटी पॅनेल छापणारा ग्राहक असेल तर नाही. पहिली तीन-चार कामं तुम्ही असंच करा. लेन्स पळून जात नाही.

तरी मी शिफ्ट लेन्स का बाळगतो? कारण निर्णय जागेवर होतो. फ्रेम डोळ्यासमोर पूर्ण असते, आर्किटेक्ट बाजूला उभा असतो, तो म्हणतो 'जरा पायऱ्या घ्या', मी स्क्रू दोन मिमी फिरवतो आणि कॅमेरा हलत नाही. आडवी शिफ्टही फार उपयोगी पडते. हॉटेलच्या बाथरूममधला आरसा समोरून काढायचाय आणि त्यात आपलं ध्यान दिसायला नको? ट्रायपॉड आरशाच्या बाजूला लावा, सेन्सर आरशाला समांतर ठेवा, लेन्स आरशाकडे सरकवा. आरसा समोरून काढल्यासारखा दिसतो आणि तुम्ही त्यात नसता. दोन्ही टोकांना १२-१२ मिमी सरकवून फोटो जोडले तर आडव्या कॅमेऱ्यात ३६ च्या जागी ६० मिमी रुंदीचा सेन्सर असल्यासारखं चित्र मिळतं. फक्त जवळ खांब-कुंड्या असतील तर जपून, कारण शिफ्ट देताना लेन्स स्वतः हलते आणि जोड चुकतो. लेन्सला पकडणारी कॉलर मिळते. ती लावली की लेन्स स्थिर राहते आणि मागे कॅमेरा सरकतो.

एक सवय लावून घ्या: नेहमी पूर्ण शिफ्ट द्यायची नाही. फार जवळून, मान वर करून बघावं अशा ठिकाणाहून रेषा काटेकोर समांतर केल्या तर इमारत वर रुंद होत गेल्यासारखी वाटते, कारण डोळ्याला थोडं निमुळतेपण अपेक्षितच असतं. घुमट तर फजिती करतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट १७ मिमीने जवळून, पूर्ण शिफ्ट देऊन काढून बघा, चक्क अंडं होतं. मागे जा, नाहीतर समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी मिळवा. वॉचमनशी गोड बोलणं हीसुद्धा शिफ्टच आहे. आणि डीएसएलआर असेल तर प्रकाश शिफ्ट शून्यावर असताना मोजून मॅन्युअलवर ठेवा, सरकवल्यावर मीटर चुकतो.

आता टिल्ट, आणि तुमचं धूसर प्रकरण. बहुधा तुम्ही लेन्स शेवटपर्यंत वळवलीत. टिल्टने डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे किती भाग स्पष्ट येतो ते) वाढत नाही, फोकसचं प्रतल कलंडतं. ते प्रतल म्हणजे एक फळी समजा, जिची बिजागरी लेन्सच्या खाली असते. टिल्ट ठरवते बिजागरी किती खाली, आणि फोकसची रिंग फळी वर-खाली झुलवते. बिजागरीचं अंतर म्हणजे फोकल लेंग्थ भागिले टिल्टच्या कोनाची साइन. २४ मिमीला ८ अंश दिलेत तर ते येतं फक्त १७ सेंटीमीटर. तुमची जमीन दीड मीटर खाली, फळी मात्र लेन्सच्या नाकाखालून निघून हवेत गेलेली. मग फोकसमध्ये येणार काय, डास? जमीन धरायची तर दीड मीटरसाठी हवं होतं ०.९ अंश. हो, एक अंशही नाही.

त्यातही उभी इमारत त्या आडव्या फळीतून वर येते, म्हणून वरचे मजले गेले. आणि मुळात २४ मिमीला याची गरजच कमी पडते. एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, पावणेदोन मीटरवर फोकस करा, सुमारे ९० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत चालण्याइतकं स्पष्ट येतं. ९० मिमी लेन्सला तेच करायला २४-२५ मीटरवर फोकस करावं लागतं. म्हणून टिल्टचा खरा संसार ९० मिमीवर आणि टेबलावर आहे: दागिने, घड्याळं, जेवण. थाळी घ्या. लेन्स टेबलापासून ५० सेंटीमीटर वर, कॅमेरा ४५ अंशात खाली. बिजागरी पडते ७१ सेंटीमीटरवर, टिल्ट साधारण सव्वासात अंश. एफ/८ वरच भातापासून लोणच्यापर्यंत सगळं टोकदार. बाजूचा तांब्या मात्र गळ्यापासून वर धूसर, कारण स्पष्ट भाग आता पाचरीच्या आकाराचा असतो आणि तांब्या तिच्यातून डोकं बाहेर काढतो. तो काढून टाका, किंवा टिल्ट शून्य करून फोकस बदलत चार-पाच फोटो काढून जोडा.

कोन तोंडपाठ नसला तरी चालतं. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) दहापट मोठा करा, लांबच्या वस्तूवर फोकस करा, मग जवळची बघा. तिच्यासाठी फोकस आणखी जवळ आणावा लागत असेल तर टिल्ट वाढवा, लांब न्यावा लागत असेल तर कमी करा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. या भूमितीला शाइमफ्लुग हे नाव थिओडोर शाइमफ्लुग यांच्या १९०४च्या पेटंटवरून पडलं. ते ऑस्ट्रियन लष्करातले अधिकारी होते, आकाशातून घेतलेल्या तिरक्या फोटोंवरून बिनचूक नकाशे कसे करायचे ही त्यांची डोकेदुखी. तीन वर्षं आधी पॅरिसच्या कार्पांतिए यांनीही असंच पेटंट घेतलं होतं, पण नाव चिकटलं दुसऱ्याचंच.

टिल्टचा फटका मला बसलाय तो असा. एका हॉटेलच्या खोल्या काढत होतो. टिल्टचं लॉक सैल होतं, बॅगेतून काढताना लेन्स अंशभर वळली असणार. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान. घरी बघितलं तर अकरा फोटोंत एका बाजूचे पडदे वितळलेले. स्वखर्चाने परत गेलो, तोवर खोल्यांत पाहुणे. तेव्हापासून प्रत्येक फोटोआधी अंगठा टिल्टच्या शून्यावर जातो.

म्हणून ती सेकंडहँड लेन्स घ्यायचीच झाली तर शिफ्टसाठी घ्या. कुठली पिढी आहे ते विचारा. कॅननच्या १९९१च्या लेन्समध्ये टिल्ट आणि शिफ्ट एकमेकांना काटकोनात बसवलेले असतात, दिशा बदलायला स्क्रू काढावे लागतात. २००९च्या पिढीत दोन्ही स्वतंत्र फिरतात. दुकानात लेन्स कॅमेऱ्यावर चढवा, तोंड आकाशाकडे तिरकं करा, पूर्ण वर शिफ्ट देऊन लॉक करा आणि दुकानदाराचा चहा पिऊन या. परत आल्यावर पट्टीवर बघा. काटा लॉक केला होता तिथून खाली घसरला असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून मागा, नाहीतर सोडून द्या.