‘पुस्तक उघडं असतं, कान बाबांच्या खोलीकडे’

‘घरात आजारपण आहे. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास होतच नाही. काय करू?’ हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. विचारणारी बहुतेक वेळा मुलगी असते, आणि बोलणं संपत आलं की ती हळूच आणखी एक प्रश्न विचारते: ‘अशा वेळी स्वतःचं करिअर बघणं म्हणजे स्वार्थीपणा आहे का?’ दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला जिच्यामुळे नीट सापडलं, तिची ही गोष्ट. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात एकच जाड वही होती. पुढच्या बाजूने जीवशास्त्राच्या नोंदी. मागच्या बाजूने बाबांच्या: तारीख, डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, रक्तदाब, दिवसभरात प्यायलेलं पाणी. दोन्हीकडून लिहीत लिहीत ती वहीच्या मधोमध येत चालली होती आणि मधे कोरी पानं फार थोडी उरली होती. मागच्या बाजूचं अक्षर जास्त सुबक होतं.

बाबांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी जवळजवळ चार तास. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे बाबांना उठवणं-बसवणं तिला जमत नव्हतं. धाकटा भाऊ शाळेत. त्याला यातलं काही सांगायचं नाही, असं घरात न बोलता ठरलेलं. नातेवाईक आले की म्हणायचे, ‘पोरगी फार जबाबदार आहे हो.’ हे वाक्य मी अनेक घरांतून ऐकलं आहे आणि मला त्याची भीती वाटते. कौतुक म्हणून बोलतात, पण ज्या पोरीचं कौतुक होतं तिला त्यानंतर ‘मी दमले’ म्हणायची सोय उरत नाही.

तिचं म्हणणं होतं की आपली एकाग्रताच गेली आहे. दोन तास पुस्तक समोर असतं आणि एक पान पुढे सरकत नाही.

इथे मी चूक केली. मी तिला वेळापत्रक आखून दिलं. पहाटे साडेचारला उठायचं, घर शांत असतं, दोन तास मिळतील. ती मान डोलावून गेली आणि दोन आठवड्यांनी आली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. बाबांच्या पायात रात्री गोळे यायचे, अंगाला खाज सुटायची. एक-दीडपर्यंत ती जागीच असायची आणि वर मी तिला साडेचारला उठवलं होतं. दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, हे मला माहीत होतं. तरी मी तिला ‘रात्री किती झोपतेस?’ एवढं विचारलं नव्हतं.

मग मी तिला सल्ला देणं थांबवलं आणि विचारलं, गेल्या महिन्यात अभ्यास चांगला झाला असा एखादा तरी दिवस आठवतो का? ती लगेच म्हणाली, ‘हो, डायलिसिसच्या दिवशी. बाहेरच्या बाकावर. तिथे माझा अख्खा धडा होतो.’

मी चक्रावले. तो बाक म्हणजे येणारे-जाणारे, स्ट्रेचरची खडखड, मशीनचे बीप, शेजारी कुणीतरी रडतंय. घरी निदान एक दार तरी लावता येतं. मग तिथे कसा होतो अभ्यास?

‘तिथे सिस्टर असतात ना आत,’ ती म्हणाली.

या एका वाक्यात सगळं होतं. अडचण आवाजाची नव्हती, वेळेचीही नव्हती. घरी ती चोवीस तास ड्यूटीवर होती आणि ड्यूटी कधी सुटतच नव्हती. बाबा खोकले की कान टवकारायचे. खोकले नाहीत तर ‘का खोकले नाहीत?’ म्हणून कान टवकारायचे. त्या बाकावर मात्र चार तासांपुरते बाबा दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली असायचे आणि हिचं डोकं मोकळं व्हायचं. तिची एकाग्रता शाबूत होती. ती पहाऱ्याला बसवलेली होती, एवढंच.

मी तिला म्हटलं, तुला ज्या कामाला जायचंय त्या कामात रोज दोन-तीन वेळा एक गोष्ट घडते. पाळी संपली की सिस्टर पुढच्या सिस्टरला चार्ज देते. रुग्ण कसा आहे, काय झालंय, कशाकडे लक्ष ठेवायचं, हे सांगते आणि घरी जाते. घरी गेली म्हणजे तिची रुग्णावरची माया कमी झाली, असं कुणी म्हणत नाही. उलट चार्ज न देता निघून जाणं हा गुन्हा, आणि चार्ज देऊनही न जाणं हे वेडेपण. तू घरात चार्ज कुणाला देतेस?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘घ्यायला आहेच कोण?’

तिच्या आईला आणि भावाला मी पुढच्या भेटीला बोलावलं. आईचा विरोध होता. ‘त्या पोराच्या डोक्यावर कशाला हे?’ भाऊ खाली मान घालून बसला होता. मी त्याला विचारलं, बाबांना नक्की काय झालंय, तुला काय माहीत आहे? तो जे बोलायला लागला ते ऐकून दोघी सुन्न झाल्या. पोरगं रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन किडनीच्या आजाराबद्दल वाचत होतं. अर्धं खरं, अर्धं भयंकर, आणि शंका विचारायला कुणी नाही. ‘मला कुणी काही सांगतच नाही,’ एवढं म्हणून तो रडायला लागला.

मुलांवर घरातल्या आजारपणाची जबाबदारी टाकावी का, याबद्दल पालक मला नेहमी विचारतात. कौटुंबिक उपचारपद्धतीत मोठं काम केलेल्या साल्वादोर मिनुचिन यांचं म्हणणं मला पटतं. मूल घरातला भार उचलतं, तेवढ्याने त्याचं नुकसान होत नाही. भाराला हद्द नसली, तो स्पष्ट बोलून दिलेला नसला आणि मुलाच्या कुवतीबाहेरचा असला, तर होतं. या घरात दोघांचंही नुकसान चाललं होतं. एकीवर हद्द नसलेला भार होता, आणि दुसऱ्याला भार द्यायचा नाही म्हणून नुसती भीती दिली होती.

रुग्णालयात चार्ज देताना वापरायची एक पद्धत आहे. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली. निरोप थोडक्यात आणि न चुकता पोहोचावा म्हणून त्याचे चार भाग करायचे: आत्ता काय स्थिती आहे, मागचं काय, माझा अंदाज काय आणि काय करायचं. तिने वहीतल्या उरलेल्या कोऱ्या पानांतलं एक फाडून भावासाठी त्याच क्रमाने लिहिलं. आज वजन किती वाढलंय, पाणी किती झालंय, बाबा चिडचिडे आहेत की झोपाळू. शेवटी ठळक अक्षरात: ‘दम लागला, आडवं होता येईना, छातीत दुखलं, तर लगेच मला हाक मारायची. सुईच्या जागेतून रक्त आलं तर आधी घट्ट दाबून धरायचं आणि मग हाक मारायची. बाकी सगळं नऊ वाजता.’ सात ते नऊ भावाची पाळी. कागद मी बघितला आणि डायलिसिसच्या सिस्टरनाही दाखवायला सांगितला, कारण वैद्यकीय गोष्टीत माझा अंदाज चालणार नाही.

पहिल्या संध्याकाळी ती चार वेळा बाहेर डोकावली. चौथ्या वेळी भाऊ म्हणाला, ‘ताई, माझी ड्यूटी आहे.’ हे मला सांगताना ती पहिल्यांदा हसली.

आता अभ्यासाबद्दल. इतका कमी वेळ हातात असताना ती तोच धडा पुनःपुन्हा वाचत होती, कारण वाचलं की आल्यासारखं वाटतं. हे वाटणं फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आजारपणाच्या घरासाठी ही पद्धत सोयीचीच आहे. वीस मिनिटं वाचायचं, पुस्तक मिटायचं, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून बघायचं. मधेच उठावं लागलं तरी काही बिघडत नाही. उलट परत येऊन ‘कुठे होते मी?’ हे आठवायला लागणं हाच सराव.

एक धडा मात्र तिला उघडवत नव्हता. उत्सर्जन संस्था. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात, इथपर्यंत ती घडाघडा सांगायची. पुढे ‘कार्य बंद पडल्यास’ हे शब्द आले की पान मिटायची. आणि याच धड्याशी तिने मला आपल्या मनातलं सर्वांत लपवलेलं सांगितलं. तिला बाबांचा राग यायचा. ते चोरून पाणी प्यायचे, वजन वाढायचं, रात्री त्रास व्हायचा आणि निस्तरायची ती. ‘आजारी माणसावर रागावणारी मुलगी नर्स कशी होणार?’

मी तिच्यासमोर एक प्रश्नावली ठेवली. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांवर किती ताण आहे, हे मोजायला स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ती तयार केली. आज बहुतेक ठिकाणी तिची 22 प्रश्नांची आवृत्ती वापरतात. त्यात सरळ विचारलेलं आहे: या व्यक्तीच्या सहवासात तुम्हाला राग येतो का? तिने तो प्रश्न दोनदा वाचला. ‘म्हणजे इतरांनाही येतो?’ येतो. इतका येतो की छापील प्रश्न करावा लागला. तहान आवरणं किती अवघड असतं हे तिला कळत होतं, पण कळलं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे? तो धडा तिने पुढच्या आठवड्यात बाकावर बसून वाचला, बाबा आत असताना.

मी तिला एक प्रश्न मुद्दाम विचारला, आणि तो अशा प्रत्येक मुलीला विचारते. बाबा उद्या ठणठणीत बरे झाले, तरीही नर्सिंगला जाशील? घरात उपयोग होईल म्हणून ही वाट धरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि पुढे वॉर्डात प्रत्येक रुग्णात त्यांना घरचंच माणूस दिसत राहतं. तिने आठवडा घेतला. परत आली ती एक आठवण घेऊन. डायलिसिससाठी हातातली शीर आणि रोहिणी शस्त्रक्रियेने जोडतात. त्या जोडावर बोटं ठेवली की थरथर लागते, आणि ती लागणं म्हणजे जोड चालू आहे. एका सिस्टरने हिची बोटं धरून बाबांच्या हातावर ठेवली होती. ‘मांजर गुरगुरताना हात ठेवल्यासारखं लागलं, मॅडम. त्या सिस्टर मला शिकवत होत्या आणि त्याच वेळी पलीकडच्या आजोबांच्या मशीनकडे त्यांचं लक्ष होतं. मला तसं व्हायचंय.’ बाबांचं नाव त्यात होतं, पण उत्तर बाबांपुरतं नव्हतं. मुलाखतीत ‘नर्सिंगच का?’ विचारलं तर हेच सांग, असं मी तिला म्हटलं.

परीक्षेला तीन आठवडे असताना बाबांच्या फुप्फुसांत पाणी साचलं. डायलिसिसच्या दोन फेऱ्यांमध्ये जी एक मोठी सुट्टी येते, तिच्या शेवटच्या रात्री. बाबा अतिदक्षता विभागात, पुस्तकं नऊ दिवस बंद. मध्यरात्री तिचा निरोप आला, ‘यंदा परीक्षा देत नाही.’ रुग्णालयाच्या बाकावर मध्यरात्री वर्षभराचा निर्णय घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. परीक्षा पुढे ढकलणं चूक नाही, कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. पण कोणत्या परिस्थितीत ढकलायची, हे आम्ही दोन महिने आधी शांतपणे लिहून ठेवलं होतं. मी तिला तो कागद पाठवला. बाबा घरी आले, पाच दिवस गेले, मग तिने तो वाचला आणि परीक्षा दिली.

पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. प्रतीक्षा यादीत नाव लागलं आणि यादी तिच्यापर्यंत सरकली नाही. ती पुष्कळ रडली. त्या दोन महिन्यांत मला तिची अधिक काळजी वाटली. झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तेव्हा मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पाठवायला थोडा उशीरच केला, असं आता वाटतं. दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळाला.

काही जणी मला लिहितात की आमच्याकडे चार्ज घ्यायला भाऊही नाही. त्यांना मी खोटं सांगत नाही. एकटीने सगळं पेलताना एका वर्षाचा अभ्यास दोन वर्षांत पसरवावा लागेल, आणि ते आत्ताच ठरवलेलं बरं. पण आठवड्यातून दोनदा दोन तास बसेल असा एखादा काका, मावशी, शेजारी, बाबांचा मित्र शोधा. ‘काही मदत लागली तर सांग’ म्हणणाऱ्यांना वार आणि वेळ सांगा. रुग्णालयात समाजसेवा विभाग असेल तर तिथे जा, शिकवणाऱ्यांना घरची परिस्थिती कळू द्या. आणि जिथे रुग्ण दुसऱ्या कुणाच्या हाती असतो ते तास ओळखा. त्या तासांत घरकामाच्या याद्या करू नका, पुस्तक उघडा.

आता ती वसतिगृहात राहते. आम्ही महिन्यातून एकदा फोनवर बोलतो. गेल्या महिन्यात तिला किडनी विभागात पाठवणार असल्याचं कळलं आणि पोटात गोळा आला, ते बोलायला तिने फोन केला होता. बोलता बोलता भावाचा रोजचा निरोप आला. तिने मला तो वाचून दाखवला: ‘वजन दीड किलो वाढलंय. सूज नाही. थरथर लागते. पाणी मोजून दिलं. नऊ वाजलेत, आता आई बघतेय. तू अभ्यास कर.’

मग आम्ही पुन्हा किडनी विभागाकडे वळलो. पहिले तीन दिवस फक्त सोबत उभी राहू द्या, असं प्रमुख सिस्टरना कसं सांगायचं, हे तिला माझ्याबरोबर आधी म्हणून बघायचं होतं.