'लीन संस्कृती' आणि मराठी वळण

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यातल्या ताईंनी विचारलं आहे: शॉपवर, म्हणजे मशीन चालतात त्या जागी, लावायच्या फलकासाठी 'लीन संस्कृतीची उभारणी, निरंतर सुधारणा' असा मजकूर ठरलाय. तो बरोबर आहे का? आणि 'निरंतर' लिहावं की 'सातत्यपूर्ण'?

व्याकरणात चूक नाही. पण फलक मशीनवर उभं राहणाऱ्या माणसासाठी आहे आणि त्याला तो भलतंच काही सांगेल.

इंग्रजीतलं 'लीन' म्हणजे अंगावर फाजील चरबी नसलेलं. फाजील खटाटोप टाळणाऱ्या टोयोटाच्या उत्पादनपद्धतीला हे विशेषण संशोधक जॉन क्राफसिक यांनी १९८८ साली एका लेखात लावलं आणि ते जगभर गेलं. मराठीत मात्र 'लीन' आधीपासून आहे, संस्कृतातून आलेला. चरणी लीन होणारा, नम्र. 'लीन संस्कृती' वाचून कामगाराला वाटणार, मान खाली घालायला सांगताहेत. खरं तर या पद्धतीत त्याने तोंड उघडणंच अपेक्षित आहे! इथे 'सुटसुटीत' म्हणा. 'छाटणी' हा शब्द तर मुळीच नको. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी म्हणजे नवी फूट, नवा माल; कारखान्याच्या गेटाच्या आत तोच शब्द माणसाच्या नोकरीवर येतो.

'सुधारणा' या शब्दालाही एक काटा आहे. 'आता तरी सुधार' हे आपण बिघडलेल्यालाच म्हणतो. अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी काही वर्षं काम केलं. तिथे लेथवर एक मामा होते. दर वेळी लेथवरचा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, बदलताना पाना आणायला ते टोकाच्या कपाटापर्यंत जात. एका सकाळी त्यांनी लेथशेजारी फळी लावली, खिळे ठोकले, पाने टांगले आणि प्रत्येक पान्याभोवती पेन्सिलीने रेघ मारली. पाना जागेवर नसला की नुसती रेघ दिसायची. मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "छान सुधारणा केलीत." मामांचा चेहरा पडला. "आधी काय वाईट चाललं होतं का, साहेब? हेलपाटे वाचवले, एवढंच."

हेलपाटे! अभियंते ताइची ओनो यांनी टोयोटात ज्या सात प्रकारच्या 'मुदा' मोजल्या, म्हणजे ज्यातून गिऱ्हाइकाच्या पदरात काही पडत नाही असे सगळे खटाटोप, त्यातल्या एकीला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. वाट बघत बसण्याला 'खोळंबा' आहे. 'अपव्यय' लिहिलं की हे सगळं एका करड्या शब्दात बुडतं.

आता मूळ प्रश्न. 'सातत्यपूर्ण' चालेल, पण 'सतत'चं नाम करून त्याचं पुन्हा विशेषण करायची गरज नाही. 'निरंतर' म्हणजे मध्ये अंतर नसलेलं, आणि काम तसं सुधारत नाही. एक बदल करायचा, तो अंगवळणी पडेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१ या मानकातही म्हणूनच 'कंटिन्युअस' नाही, 'कंटिन्युअल' आहे: थांबत, पण पुन्हापुन्हा. माझं मत 'नित्य'ला. आपल्याकडे कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद जुनेच आहेत. काळाराम मंदिरातली काकड आरती नित्य; बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाची तयारी नैमित्तिक. ऑडिटच्या आदल्या दिवशी शॉप झाडून चकचकीत करणं हेही नैमित्तिकच. कायझेन, म्हणजे टोयोटाच्या पद्धतीतला कामातला छोटा छोटा चांगला बदल, नित्यात मोडतं. त्या जपानी शब्दात 'काई' म्हणजे बदल आणि 'झेन' म्हणजे चांगलं. मामांना बोचला तो काटा त्यात नाही, म्हणून तो तसाच वापरायलाही माझी हरकत नाही.

राहिली 'संस्कृतीची उभारणी'. उभारतात ती शेड. सवयीसाठी मराठीत 'वळण' आहे: अक्षराचं वळण, घराचं वळण. वळण लावता येतं, पण टिकतं ते लागलेलं. आधी सुपरवायझरने स्वतःचा पाना जागेवर ठेवावा लागतो, मग शेजारचा ठेवतो.

तर ताई, फलकावर मी एवढंच लिहीन: 'काम सुटसुटीत, कायझेन नित्य.' आणि खाली हातभर काळी जागा मोकळी सोडेन, खडूसकट. वर शीर्षक: 'आज हेलपाटा कुठे पडला?'